निरोगी क्रमांक चार

काचपट्टीच्या चौथ्या चौकोनात ठिपके दिसले तेव्हा मी आधी सूक्ष्मदर्शकाला शिव्या घातल्या. मग दिव्याला, मग काच नीट न पुसणाऱ्याला, म्हणजे मलाच. माझा स्वभाव तसाच आहे. काही बिनसलं की पहिली पाच मिनिटं आजूबाजूच्या सगळ्यांचा उद्धार होतो आणि मग मी कामाला लागते. पण त्या सकाळी पाच मिनिटं होऊन गेली तरी ठिपके जागचे हलले नव्हते. हिरवे, बारीक, प्रत्येक पेशीच्या पोटात तीन-तीन, चार-चार. आणि तो चौकोन निरोगी माणसाच्या पेशींचा होता. तिथे काळोख असायला हवा होता.

आमचं काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढे मी कशाला एवढी घाबरले ते कळायचं नाही. स्नायूंचा एक आजार आहे. त्यात एका जनुकातली तीन अक्षरं पुन्हापुन्हा, पुन्हापुन्हा लिहिली जातात. तुमच्याआमच्यात ती पाच-दहा वेळा असतात, फार तर तीस-पस्तीस. आजारी माणसात शेकड्यांनी. मग त्या जनुकाची जी आरएनए नक्कल निघते ती सरळ राहत नाही. स्वतःवरच दुमडते आणि केसांत खोवायच्या पिनेसारखी होते. त्या पिनेत शरीराच्या उपयोगाचं एक प्रथिन अडकून बसतं आणि बाकीची सगळी कामं खोळंबतात. मी रसायनं बनवणारी बाई. पिनेच्या दोन पायांमधल्या फटीत नेमका बसेल एवढा इवलासा रेणू बनवायचा, म्हणजे अडकलेलं प्रथिन सुटेल, हे माझं काम. आम्ही त्याला पाचर म्हणतो.

तीन वर्षांत तीस पाचरी वाया गेल्या होत्या. दिसेल त्या आरएनएला चिकटायच्या, न बोलावता प्रत्येक घरात शिरणाऱ्या शेजारणीसारख्या. ही एकतिसावी. तिला मी चकाकणारी शेपटी जोडली होती. पिन सापडली तर तिथे बसायचं आणि उजळायचं, नाही सापडली तर मुकाट्याने धुऊन जायचं. पहिल्या दोन चौकोनांत आजारी माणसांच्या पेशी होत्या, तिथे ती छान उजळली. तिसऱ्यात निरोगी क्रमांक एक, तिथे अंधार. इथवर माझ्या मनात लाडू फुटत होते. आणि चौथ्यात निरोगी क्रमांक चार.

साहेबांनी डोळा लावून पाहिलं. साहेब म्हणजे आमचे प्रमुख. आवाज कधी चढत नाही, त्यामुळे माझा आणखी चढतो.

"बाई, निरोगी नमुना पेटलाय," ते म्हणाले. "पाचर वाटेल तिथे बसतेय. शुक्रवारच्या बैठकीत हिला निरोप देऊ."

"वाटेल तिथे बसत असती तर तिसऱ्यात का नाही बसली?"

"तिसऱ्यातल्या पेशी म्हाताऱ्या झाल्यात. त्यांच्यात आता काय दिसणार?"

"मला दुपारपर्यंत वेळ द्या. मी त्या चारच्या पेशींमधली अक्षरंच मोजते. पस्तीसच्या आत निघाली तर पाचर मी माझ्या हाताने मोरीत ओतते."

ते हसले आणि गेले. मी तणतणत कामाला लागले. भीतीबिती काही नव्हती तेव्हा, नुसता राग होता.

आता हा चार नंबर कुठून आला ते सांगायला हवं. पाच वर्षांपूर्वी आमच्या विकतच्या निरोगी पेशींना बुरशी लागली आणि सगळा साठा गेला. नवीन यायला दोन महिने लागणार होते. तेव्हा साहेब म्हणाले, बाहेर कशाला शोधता, आपण काय मेलोय का? चार जण तयार झालो. साहेब, पेशी सांभाळणाऱ्या ताई, संस्थेची गाडी चालवणारे काका आणि मी. दंडाच्या आतल्या बाजूची मसुराएवढी कातडी काढली, त्यातून पेशी वाढवल्या. कोणाचा नंबर कोणता ते कळू नये म्हणून ताईंनी चिठ्ठ्या टाकल्या आणि यादी पाकिटात घालून कपाटात ठेवली. निरोगी एक, दोन, तीन, चार. तपासलं कुणीच नाही. हिंडतोय, फिरतोय, वेळेवर कामावर येतोय, म्हणजे निरोगी. तीन आणि चार इतकी वर्षं नायट्रोजनच्या टाकीत गोठून पडले होते. एक आणि दोन म्हातारे व्हायला लागले म्हणून गेल्या आठवड्यात ताईंनी चार बाहेर काढला.

त्या वेळी एक अर्जही भरला होता. खाली एक चौकोन होता: पुढे कधी माझ्या पेशींत काही आढळलं तर मला कळवू नये. मी त्यात दणदणीत बरोबरची खूण केली होती. ताई म्हणाल्या होत्या, अगं, विचार कर. मी म्हटलं होतं, मला काय धाड भरलीय.

दुपारी दोनला जेल तयार झालं. हे जेल म्हणजे एक पारदर्शक वडी असते. तिच्यातून जनुकाचे तुकडे पळवले की लहान तुकडे खाली पोचतात, लांबलचक तुकडे वरच रेंगाळतात. आईकडून एक प्रत, बापाकडून एक प्रत, म्हणून निरोगी माणसाच्या रांगेत खाली दोन रेघा, कधी एकावर एक बसून एकच. चारच्या रांगेत खाली एकच रेघ होती. आणि वर, पार वर, एक धुरकट जाड पट्टा.

मी हसले. खरं सांगते, मोठ्याने हसले. पाचर खोटं बोलत नव्हती, लेबल खोटं बोलत होतं. आम्हा चार शहाण्यांना पाच वर्षांत जे कळलं नाही ते माझ्या रेणूने एका सकाळीत शोधून काढलं होतं. साहेबांच्या टेबलावर हे जेल कसं आपटायचं, कोणत्या शब्दांत आपटायचं, तेही मी ठरवून टाकलं.

मग आनंद ओसरला आणि साधी गोष्ट लक्षात आली. चौघांपैकी एक जण.

सांगायला लाज वाटते, पण मी तो आजार ताबडतोब काकांना देऊन टाकला. काका दुपारी गाडीत डुलक्या घेतात, आणि या आजारात दिवसा झोप येते. मग साहेबांना दिला. त्यांना मोतीबिंदू लवकर झाला होता, तेही लक्षण आहे. ताईंना देताना जरा अडखळले, तरी दिलाच, त्यांना जिना चढताना धाप लागते म्हणून. तिघांना वाटून झाला आणि मी जेल गार करायला शीतखोलीकडे निघाले. त्या खोलीचं दार जड आहे, उभी लोखंडी मूठ आहे. मी मूठ पकडली, दार ओढलं, आत पाऊल टाकलं. हात मागेच राहिला.

बोटं मुठीवरून सुटेनात. दोन सेकंद, तीन सेकंद. हे काही नवीन नव्हतं. गारठ्यात माझा हात जरा आखडतो, वर्षानुवर्षं. दिवसभर औषधं थेंबाथेंबाने मोजायची नळी दाबून दाबून आखडतो, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. बरण्यांच्या झाकणांना, पिशव्यांच्या बंदांना, रसायनांच्या बाटल्यांना शिव्या घालत आले होते. पण त्या दारात मी माझ्याच बोटांकडे बघत उभी राहिले, आणि माझ्याच हाताने अकरा शोधनिबंधांत लिहिलेलं एक वाक्य मला आठवलं. प्रत्येक निबंधाच्या सुरुवातीला असतं ते. आधीच्यातून उचलायचं, पुढच्यात चिकटवायचं. 'या रुग्णांना घट्ट पकडलेली वस्तू चटकन सोडता येत नाही.' अकरा वेळा लिहिलं. रुग्ण मी एकही पाहिला नव्हता. माझे रुग्ण म्हणजे काचेवरचे ठिपके.

आणि मग आप्पा आठवले. माझे वडील.

आप्पांचा हात आमच्याकडे प्रसिद्ध होता. कुणी निघालं की आप्पा हात हातात घ्यायचे आणि सोडायचेच नाहीत. पाहुणे बिचारे ताटकळत. आई म्हणायची, सोडा आता, त्यांची गाडी जाईल. आप्पा ओशाळं हसायचे. सगळे म्हणायचे, काय माया आहे हो या माणसाला. सासरी जाताना त्यांनी माझा हात असाच धरून ठेवला होता आणि मी त्यावर ढसाढसा रडले होते. चौपन्नाव्या वर्षी ते हर्नियाच्या ऑपरेशनला गेले. अर्ध्या तासाचं काम, संध्याकाळी घरी, असं सांगितलं होतं. भूल दिली, आणि त्या भुलीतून ते बाहेर आलेच नाहीत. हृदय कमकुवत होतं, असं आम्हाला सांगितलं. आम्ही ते मानलं.

भूल देताना स्नायू सैल पडावेत म्हणून एक औषध टोचतात. या आजाराच्या माणसाचे स्नायू त्या औषधाने उलट आवळतात, जबड्याचे, छातीचे. हेही मी कुठल्यातरी निबंधात लिहिलं होतं.

माझ्या लेकीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला होतं.

घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. एकोणीस वर्षांची, चारशे मीटर धावते, म्हणजे धावत होती. दोन महिन्यांपूर्वी गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. तो जोडायचा होता, पूर्ण भूल देऊन. दुपारी ती एकटीच रिक्षा करून दवाखान्यात दाखल झाली होती. मी म्हटलं होतं, प्रयोग उरकून पाचला येते. तिचे बाबा बोटीवर नोकरीला, त्यांचा फोन लागेल तेव्हा लागेल. आणि हा आजार पिढीगणिक वाढतो. आजोबांत तीच अक्षरं दीडशे वेळा, तर मुलीत तीनशे, नातीत किती ते मोजून बघावं लागेल. तो लवकर येतो आणि जास्त जोराने येतो.

मी परत सूक्ष्मदर्शकापाशी गेले, चौथा चौकोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच रेणूचं वाईट चिंतलं. तू फसवी निघ, म्हटलं. तू तिसावीसारखीच बावळट निघ, दिसेल त्याला चिकट. मी स्वतः तुला मोरीत ओतते. ठिपके तसेच होते, स्वच्छ, नेमके. इतकी चांगली पाचर मी कधी बनवली नव्हती.

मग ताईंकडे गेले. ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, पेशींना लेकरांसारखं सांभाळणाऱ्या आणि नियमाच्या बाबतीत सख्ख्या भावालाही न सोडणाऱ्या. त्या पेशींच्या तबकड्या मोजत होत्या.

"ताई, चार नंबर कोणाचा?"

"का गं?"

मी जेल पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. त्यांनाही वाचता येतं.

"ज्याचा असेल त्याने काय खूण केलीय ते आधी बघावं लागेल," त्या म्हणाल्या.

"मी काय खूण केलीय ते तुम्हाला माहीत आहे. ती मी आत्ता खोडते. द्या तो अर्ज."

"खोडायची असेल तर संस्थेच्या समितीकडे पत्र द्यावं लागतं. त्यांचं उत्तर येईपर्यंत मला सांगता येत नाही. तूच ठणकावून सांगितलं होतंस."

"ताई, मी पाया पडते तुमच्या."

त्या उठल्या. कपाट उघडलं, पाकीट फोडलं, माझ्याकडे पाठ करून कागद वाचला, परत आत ठेवला आणि कुलूप लावलं. मग येऊन खुर्चीत बसल्या. हात मांडीवर. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भिंगरीचं ऑपरेशन उद्या किती वाजता आहे गं?"

एवढंच विचारलं त्यांनी. नियम मोडला नव्हता.

"नऊ," मी म्हटलं.

"मग इथे काय करतेयस?" ताई म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांचा आवाज फुटला.

दवाखान्याच्या रस्त्यावर मी काय काय ठरवलं ते सांगते, म्हणजे मी किती भित्री आहे ते कळेल. भुलीच्या डॉक्टरांना बाहेरच गाठायचं. त्यांना सगळं सांगायचं, आणि भिंगरीला सांगायचं की रक्तात थोडी कमतरता निघालीय, पंधरा दिवस पुढे ढकललंय. मग हळूहळू, कधीतरी, योग्य वेळ बघून. कोणती योग्य वेळ? एकोणीस वर्षांच्या धावणाऱ्या मुलीला, तुझे स्नायू एकेक करून हट्टाला पेटणार आहेत, हे सांगायची योग्य वेळ कुठल्या पंचांगात असते? पण मला थोडी मुदत हवी होती. चार दिवस, आठ दिवस. तिने ते माहीत नसताना हसावं एवढीच माझी इच्छा होती. सिग्नलला मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता, तर मी त्यालाही शिव्या घातल्या.

खोलीत पोचले तर भुलीच्या डॉक्टर आधीच आत. पन्नाशीच्या, बुटक्या, हातात फॉर्म. भिंगरी पलंगावर मांडी घालता येत नाही म्हणून एक पाय लांब करून बसली होती आणि त्यांना हसवत होती.

"आलीस? बघा, मी सांगितलं ना, पाच म्हणजे साडेपाच." मग माझ्याकडे बघून, "आई, चेहरा काय असा? मशीनने परत दगा दिला?"

"तुम्हाला एकच विचारायचं होतं," डॉक्टर मला म्हणाल्या. "आजोबा ऑपरेशनच्या वेळी गेले असं ही म्हणते. हृदयाचं कारण होतं ना? घरात स्नायूंचा काही आजार वगैरे?"

"छे हो," भिंगरी म्हणाली. "आमच्या घरात सगळे घोडे आहेत."

त्यांचं पेन 'नाही'च्या चौकोनावर होतं. पाच वर्षांपूर्वी माझंही असंच एका चौकोनावर होतं. बाहेर गाठायचं, हळूच सांगायचं, हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं आणि तिथेच विरलं.

"आहे," मी म्हटलं. "मला आहे. आज दुपारी कळलं. वडिलांनाही तोच होता असं वाटतं. आणि हिला असायची शक्यता पन्नास टक्के आहे." आजाराचं नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, लॅटिनसकट.

डॉक्टरांनी पेन उचललं. फॉर्म बंद केला. "उद्याचं रद्द," त्या शांतपणे म्हणाल्या. "बरं झालं बोललात. ज्या औषधाने सुरुवात करणार होते ना, तेच नको होतं. मी सर्जनला फोन करून येते." आणि दार लावून बाहेर गेल्या.



"म्हणजे ते तुझ्या काचेवरचं?" भिंगरीने विचारलं. "ज्याच्यावर तू पाचर का काय ती बनवतेस?"

"हो."

"आणि ती लागू पडते?"

"काचेवर. माणसाला द्यायला अजून वर्षं लागतील. किती ते मला माहीत नाही."

"आणि मला आहे का नाही?"

"रक्त तपासल्याशिवाय नाही सांगता येणार."

"आई, एवढी वर्षं तू तेच बघतेयस. तुला न तपासता कळत असणार. खोटं बोलू नकोस."

ती पाण्याची बाटली हातात धरून बसली होती. मी आल्यापासून. मघाशी हसताना ती बाटली तिने खाली ठेवायचा प्रयत्न केला होता आणि मग तशीच मांडीवर धरून ठेवली होती. ते मी पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं. लहानपणापासून असं काही झालं की आम्ही म्हणायचो, बघा, आप्पांचा हात आला हिला.

"ठेव ती बाटली," मी म्हटलं. "हात दे."

पलंगाच्या कडेला बसून मी तिचा उजवा हात माझ्या उजव्या हातात घेतला.

"दाब. जोरात. आणखी जोरात."

तिने दाबला. माझ्या बोटांची हाडं दुखली, इतका दाबला. मीही दाबला, तिला धीर वाटावा म्हणून. निरोगी माणूस सोड म्हटल्याबरोबर सोडतो. त्याला काही करावं लागत नाही, बोटं आपोआप उघडतात. मी मनात मोजायचं ठरवलं.

"आता सोड."

एक. दोन. तीन. तिची बोटं माझ्या हाताभोवती तशीच घट्ट होती, नखं पांढरी पडलेली. चार. पाच. ती माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होती.

"सोडला की मी केव्हाचा," ती म्हणाली. "आई, तूच धरून ठेवलायस."

मीही सोडला होता.